न नेलेलं पाकीट

मेडिकलच्या काउंटरमागे मी बत्तीस वर्षं उभी होते. उभी हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा. पायांच्या शिरा अजून साक्ष देतात. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यापासून थोडं आत, दहा बाय बाराचं दुकान. फार्मासिस्ट मीच, मालकीणही मीच आणि भिंतीवरच्या परवान्यावरचा तरुण फोटोही माझाच, जरी तो कोणाला पटत नसे. दोन वर्षांपूर्वी दुकान भाचीकडे सोपवलं. आता दुपारी झोपते, आणि अंकासाठी काही लिहा असं कोणी म्हटलं तर नाही म्हणत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आमचं काम म्हणजे चिठ्ठी वाचायची, डबा काढायचा आणि कात्रीने पाकीट कापून द्यायचं. ते काम कोणीही करील. खरं काम म्हणजे समोरच्या माणसाला नेमकं काय हवंय ते शोधून काढणं. "ती पांढरी गोळी द्या," असं म्हणणारं एक तरी गिऱ्हाईक रोज यायचं. दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या. एक आजोबा नमुन्यासाठी पाकिटाचा तुकडा कापून आणायचे, आणि दर वेळी औषधाचं नाव नेमकं घरी राहिलेल्या तुकड्यावर असायचं. हल्ली चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो. त्यात औषधाच्या नावावर फोटो काढणाऱ्याचा अंगठा असतो. एका बाईंनी मला सांगितलं, "आमच्या वरच्या फडकेबाईंना तुम्ही देता ना, तीच गोळी द्या. त्यांना छान झोप लागते."

"त्यांची ती झोपेची नाही, पोट साफ होण्याची आहे," असं माझ्या तोंडून निघून गेलं. असं दुसऱ्याचं सांगू नये, पण गेलं.

बाई पर्स उघडत म्हणाल्या, "मग द्याच."

औषधाचं नाव लक्षात ठेवणं अवघड, म्हणून लोक गोळीला आजाराच्या नावाने हाक मारतात. बीपीची, शुगरची, थायरॉईडची. आम्हीही तेच बोलायला लागतो. दिवसातून शंभर वेळा "तुमची थायरॉईडची संपली का?" असं मीच विचारलेलं आहे. यात काही वावगं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली छोटीशी ग्रंथी. शरीर किती वेगाने चालायचं हे ती ठरवते, मिक्सरच्या बटणासारखी. आमच्या भागात दर दोन घरांआड एका बाईचं हे बटण मागे सरकलेलं असतं. वजन वाढतं, आळस येतो, थंडी वाजते, केस गळतात. त्यांना थायरॉक्सिन नावाची गोळी मिळते, शंभर गोळ्यांची बाटली असते, आणि ती सकाळी उठल्याबरोबर उपाशी पोटी घ्यायची असते. पण काही थोड्या लोकांचं बटण उलट तीनवर जाऊन अडकतं. ती माणसं भरपूर खातात आणि वाळत जातात. घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. त्यांची गोळी वेगळी, कार्बिमॅझोल. ती पाकिटात येते आणि ग्रंथीला आवर घालते. एक गोळी आगीत तेल ओतणारी, दुसरी पाणी ओतणारी, आणि घरोघरी दोन्हींचं नाव एकच: थायरॉईडची गोळी.

दर्शना मला पहिल्यांदा भेटली ती ताकदीची बाटली मागायला आली तेव्हा. शीळ रस्त्यापलीकडच्या एका आगरी गावात ती राहायची. गाव आता नावालाच गाव आहे. चारी बाजूंनी टॉवर, मध्ये देऊळ, तलाव आणि जुन्या मंडळींचे बंगले. नवरा हरेश, त्याची स्वतःची स्कूलबस. वरच्या मजल्यावर मोठा दीर आणि जाऊ वंदना. दर्शना घरातच पार्लर चालवायची. तिशीची, चटपटीत, बोलायला गोड.

"मॅडम, जीव गळल्यासारखा होतो. काहीतरी ताकदीचं द्या."

"खातेस का नीट?"

"दोघींचं खाते. तरी बघा ना." तिने ब्लाउजची बाही चिमटीत धरून दाखवली. आत आणखी एक दंड मावला असता. मग हळूच म्हणाली, "हात पण थरथरतात. या महिन्यात दोन गिऱ्हाइकांच्या भुवया वाकड्या झाल्या. त्यातली एक नवरी होती."

मी तिला दोन्ही हात पुढे करून बोटं पसरायला सांगितली आणि वर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. ताकदीची बाटली मी दिली नाही. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्ताची तपासणी झाली, बटण तीनवर असल्याचं निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या. दिवसातून दोनदा जेवणानंतर कार्बिमॅझोल, सोबत धडधडीची एक. दोन महिन्यांत पोरगी भरली. माझ्या भुवयाही मग तिच्याकडेच असायच्या. सरळ करायची.

दीड वर्ष छान गेलं. मग एका एप्रिलमध्ये कार्बिमॅझोलचा माल बाजारातून गायब झाला. असं अधूनमधून होतं. डिस्ट्रिब्युटर आज-उद्या करतो आणि आम्ही गिऱ्हाइकाला आज-उद्या करतो. दर्शना आली तेव्हा माझ्याकडे एकही पाकीट नव्हतं.

"घरी किती आहेत?"

"चार."

"दोन दिवसांनी ये. आणून ठेवते."

"येते मॅडम. धाकट्या दिराचं लग्न आहे ना, नुसती धावपळ चाललीय."

तिसऱ्या दिवशी माल आला. मी दोन पाकिटांना रबर लावलं, त्यावर 'दर्शना' असं लिहिलं आणि काउंटरखालच्या खणात ठेवलं. ती आली नाही. मला वाटलं, दुसरीकडून घेतली असेल. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. विचारावं असं दोन-तीनदा मनात आलं, तेवढ्यात कोणीतरी पांढरी गोळी मागायला उभं राहिलं. असा जवळजवळ महिना गेला.

मे महिन्यातला रविवार होता. पावणेदोन वाजले होते. डोंबिवलीतली दुकानं दुपारी बंद होतात, तसं मीही शटर अर्धं ओढलं होतं. त्याखालून वाकून हरेश आत आला. हरेश माझ्याशी एरवी शहरी बोलतो, पण घाबरला की त्याची गावची भाषा बाहेर येते.

"मॅडम, जुलाबाची गोळी द्या. आन् तापाची. दर्शनाला बरा नाय."

"कधीपासून?"

"कालपासून. काल भावाची हळद होती. उन्हात फिरली, नाचली, जेवण पण बाहेरचा. आमच्यातल्या चार जणांचा पोट बिघडलाय."

मे महिन्यात अशी गिऱ्हाइकं रोज दहा-पंधरा येतात. मी मीठ-साखरेची पाकिटं काढायला खण ओढला, आणि त्यांच्याखाली रबर लावलेली ती दोन पाकिटं दिसली. वर माझ्याच अक्षरात 'दर्शना'.

"हरेश, ती हल्ली तिची थायरॉईडची गोळी कुठून आणते?"

"घेते ना रोज. सकाळी उठल्या उठल्या. मी बघतो ना."

मला बरं वाटलं, पण क्षणभरच. सकाळी उठल्या उठल्या? तिची गोळी जेवणानंतरची होती, आणि ती वेळ पाकिटावर मीच लिहून द्यायचे.

"पाकिटातून काढते का बाटलीतून?"

तो आठवायला लागला. "बाटलीतून. पांढरी बाटली हाय."

बाटलीतली म्हणजे थायरॉक्सिन. कॉलेजात शिकलेलं एक पान आठवलं. थायरॉईड स्टॉर्म, थायरॉईडचं वादळ. बटण आधीच तीनवर असलेल्या माणसाचं औषध बंद झालं आणि वरून एखादा ताप, जुलाब, ऑपरेशन असं काही झालं, की शरीराचा ताबाच सुटतो. ताप चढतो, हृदय वाट्टेल तसं पळतं, जुलाब-उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीव जातो. परीक्षेत मी त्यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती. त्यानंतर इतक्या वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. आणि इथे तर औषध नुसतं बंद नव्हतं, त्या जागी उलटं औषध चाललं होतं.

"बोलते का नीट?"

"बडबड करते. सकाळपासून आईला पण ओलखत नाय. बायका बोलतात, अंगात आलाय."

"हरेश, जुलाबाची गोळी नको. तिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायचंय. घरी फोन लाव, तयार ठेवा म्हणावं."

त्याने फोन लावला. पलीकडून बराच गलका ऐकू आला. त्याने फोन खाली घेतला आणि ओशाळून म्हणाला, "आत्या बोलते, शांत होऊ द्या, मग बघू. हळदीच्या घरातून असा नेऊ नये."

मी शटर पूर्ण खाली ओढलं. पर्समध्ये बीपीचं मशीन, थर्मामीटर आणि ती दोन पाकिटं टाकली आणि साठीच्या वयात, साडी सावरत, हरेशच्या बाइकवर मागे बसले. त्या दहा मिनिटांत मी स्वतःला दोन गोष्टी सांगत होते. एक, मी डॉक्टर नाही, माझं चुकलं तर एका लग्नघरात मी भर दुपारी तमाशा केलेला असेल. दोन, माझं बरोबर असलं तर आपण या बाइकवरून आणखी जोरात जायला हवं.

घरासमोर मांडव, मांडवात मोठमोठे स्पीकर, कालच्या हळदीने अजून पिवळी असलेली माणसं. आतल्या खोलीत दर्शना पलंगावर होती. दोघीजणी तिला धरून होत्या. ती उठून बसायची, काहीतरी भराभरा बोलायची, हात झटकायची, पुन्हा पडायची. केस ओले, साडी घामाने चिकटलेली. समोर कोणीतरी उदबत्ती लावली होती.

मी तिचा हात हातात घेतला. तापलेल्या तव्यावर ओला फडका ठेवावा तसा लागला. थर्मामीटर एकशे चारच्या पुढे गेला. नाडी बोटाखाली सापडत होती, निसटत होती, एकसारखी नव्हतीच. घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले, बेचाळीस ठोके. चारने गुणायचं मी टाळलं. मग तिची पापणी खाली ओढून बघितली. त्या घरात सगळ्यांचीच अंगं पिवळी होती, पण डोळ्यांतला पिवळेपणा हळदीचा नव्हता.

"दर्शना, मी कोण?"

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे टक्क उघडे. "अप्पर लिप नाही करणार आज," ती म्हणाली. "लाइट गेलीय."

हरेशची आत्या उशाशी बसली होती. सत्तरीची, नऊवारी, कपाळभर कुंकू. घरातला शेवटचा शब्द तिचा, हे बघताक्षणी कळत होतं. "बाय, तिच्या अंगान आलाय," ती मला समजावणीच्या सुरात म्हणाली. "हळदीला येतो कवा कवा. उतरंल."

"आत्या, देवाचं मला कळत नाही," मी म्हटलं. "पण ताप एकशे चार आहे. तिच्या छातीवर हात ठेवून बघा."

आत्याने तळवा ठेवला. ठेवला तसाच काही वेळ राहिला. मग तिचा चेहरा बदलला. या बाईने सहा बाळंतपणं केलेली, घरातली किती माणसं जाताना बघितलेली. तळव्याखाली काय चाललंय ते तिला कळायला पुस्तक नको होतं.

"उचला तिला," ती म्हणाली. "आन् तो स्पीकर बंद करा पयला."

हरेशचा एक चुलतभाऊ म्हणाला, ठाण्यात माजिवड्याला एका मोठ्या हॉस्पिटलात त्याची ओळख आहे, तिकडेच नेऊ. मी म्हटलं, "रविवारी दुपारी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तर ओळखीचा काय उपयोग? आयसीयू असलेलं सगळ्यात जवळचं कुठलं ते सांग." डोंबिवलीतलंच एक ठरलं. मांडवामुळे गाड्या सगळ्या आत अडकल्या होत्या. बाहेर रस्त्यावर फक्त हरेशची स्कूलबस होती. सुट्टी असल्याने उद्याच्या वऱ्हाडासाठी तिला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. त्या माळांसकट आम्ही निघालो. मागच्या लांब सीटवर दर्शना, डोकं आत्याच्या मांडीवर. मी नळाच्या पाण्याने भिजवलेले टॉवेल तिच्या अंगावर ठेवत होते.

निघताना मी एवढंच विचारलं होतं, "ती पांढरी बाटली कोणाची?" वंदना, थोरली जाऊ, वर गेली होती आणि बाटली घेऊन बसमध्ये चढली होती. माझ्याच दुकानातली बाटली. थायरॉक्सिन, शंभर मायक्रोग्रॅम.

"मीच दिली मॅडम," ती म्हणाली. चाळिशीची, अबोल बाई. महिन्या-दोन महिन्यांनी बाटली घेऊन जायची, यापलीकडे आमची ओळख नव्हती. "तिच्या संपल्या होत्या. तुमच्याकडे नव्हत्या ना. मी म्हटलं, माझी पण थायरॉईडचीच आहे, कशाला अडतेस. तीन आठवडे झाले असतील. धडधडीची गोळी तिने आधीच सोडलेली, धडधड होत नाय आता म्हणून."

"मला विचारायचं तरी."

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "विचारलं होतं. फोन केला होता तुम्हाला. थायरॉईडची गोळी एखादा दिवस नाय घेतली तर चालते का, असं विचारलं. तुम्ही बोललात, अजिबात चुकवायची नाही. रोज सकाळी, उपाशी पोटी."

मला तो फोन आठवला नाही. अजूनही आठवत नाही. असे फोन रोज यायचे, आणि उत्तर तोंडपाठ होतं. तिच्या गोळीसाठी ते उत्तर अगदी बरोबर होतं. "कोणासाठी विचारतेस?" एवढे दोन शब्द मी विचारले नव्हते.

यावर बोलायला तेव्हा वेळ नव्हता. मी पर्समधून बिलाचा कागद काढला आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहायला घेतलं. आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं लावण्यात डोळे गेले; त्या दिवशी डॉक्टरने माझं वाचायचं होतं, म्हणून बस हलत असतानाही एकेक अक्षर सुटं काढलं. ओव्हरअॅक्टिव्ह थायरॉईड, दीड वर्ष. कार्बिमॅझोल चार आठवडे बंद. थायरॉक्सिन शंभर, रोज, तीन आठवडे, चुकून. ताप एकशे चार, नाडी दीडशेच्या वर, अनियमित. जुलाब, उलट्या. डोळे पिवळे. माणसं ओळखत नाही. खाली लिहिलं: थायरॉईड स्टॉर्म? प्रश्नचिन्ह मी नीट ठळक काढलं. आमच्या धंद्यात निदान करायचं नसतं, पण प्रश्न विचारायला कोणाची बंदी नाही.

झेंडूच्या माळा लावलेली पिवळी बस हॉस्पिटलच्या दारात उभी राहिली, तेव्हा वॉचमनला आधी वाटलं कोणी मंगल कार्यालयाचा रस्ता चुकलं. आत ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती, वेणी घातलेली, दमलेली. सकाळपासून तिने जुलाब आणि ऊन लागलेलेच बघितले असणार. हरेशने "काल हळदीत जेवली" म्हटल्याबरोबर तिने सिस्टरला सलाइन लावायला सांगितलं.

"डॉक्टर, हे एकदा वाचा," मी म्हटलं आणि कागद पुढे केला.

ती वाचत होती तोवर सिस्टरने मॉनिटर जोडला. पडद्यावर एकशे बहात्तर आकडा आला, मग एकशे चौसष्ट, मग एकशे ऐंशी. डॉक्टरने कागद वाचला, पडद्याकडे बघितलं, दर्शनाच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग फोन उचलून वरिष्ठांना म्हणाली, "सर, लगेच खाली या. स्टॉर्म वाटतंय." फोन ठेवून तिने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. माझं मेडिकल आहे."

पुढचे दोन तास आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. आत काय चाललंय ते मला अंदाजाने कळत होतं. ताप उतरवायला थंड पट्ट्या, हृदयाला आवर घालायचं औषध, स्टेरॉइड. नळीतून आधी ग्रंथीला आवरणारी गोळी, आणि मग तासाभराने आयोडीन. तो क्रम उलटा करून चालत नाही. माझ्या पर्समधली पाकिटं कोणी मागितली नाहीत, हॉस्पिटलकडे होती. आत्या डोळे मिटून बसली होती. वंदना उभीच होती. बस म्हटलं तरी बसेना.

संध्याकाळी वरिष्ठ डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, अजून काही सांगता येणार नाही, पण वेळेत आणलंत. उद्यापर्यंत वाट बघितली असती तर काय झालं असतं, असं हरेशने विचारलं. "तो विचार नका करू," ते म्हणाले. त्यावर आत्या पदर तोंडाला लावून रडली. त्या दिवसात तिला रडताना मी तेवढंच बघितलं.

तिसऱ्या दिवशी दर्शनाने माणसं ओळखायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी आयसीयूतून बाहेर आली. दिराचं लग्न सोमवारी ठरलेल्या मुहूर्ताला लागलं होतं, पण आत्याने डीजे रद्द केला, आणि आगरी लग्नात डीजे रद्द होणं म्हणजे काय ते या भागातल्या माणसांना सांगायला नको. पुढे काही महिन्यांनी दर्शनाच्या ग्रंथीवर कायमचा इलाज झाला. त्या चिठ्ठीबद्दल त्या तरुण डॉक्टरने माझं कौतुक केलं, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनीही केलं. केमिस्ट लोकांच्या ग्रुपवर माझा फोटो फिरला, पुष्पगुच्छ घेतलेला. मी तो जपून ठेवला आहे, खोटं कशाला सांगू. मात्र तो फोटो बघणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, की एक फोन मी केला नव्हता आणि दुसरा आला तेव्हा नीट ऐकला नव्हता.

त्यानंतर दुकानात मी 'थायरॉईडची गोळी' हा शब्द बोलायचा सोडला. ज्याचं थायरॉईड कमी त्याच्या बाटलीवर मार्करने 'कमी' आणि ज्याचं जास्त त्याच्या पाकिटावर 'जास्त' असं लिहायला लागले. कोणी फोनवर काही विचारलं, की आधी विचारायचे, "कोणासाठी?" गिऱ्हाइकं वैतागायची. एक काका म्हणाले, "खोकल्याची गोळी मागितली, तर तुम्ही पोलिसांसारखं करता." मी म्हटलं, "सांगा ना, कोण खोकतंय?" त्यांची मांजर खोकत होती.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वंदना बाटलीला आलेली नाही. मेपासून एकदाही नाही. या वेळी मी फोन केला. दर्शनाने उचलला. वंदनाच्या बाटलीचं विचारलं.

"ती घेतच नाही मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवसापासून बंद केलीय. आम्हाला वाटलं घेत असेल. आता चेहरा सुजलाय, आवाज घोगरा झालाय, दिवसभर झोपून असते. काल बोलली, माझ्या गोळीने तुला मारलं असतं, ती गोळी मी तोंडात कशी घालू."

मी म्हटलं, तिला घेऊन ये. त्या दोघी दुसऱ्या दिवशी आल्या. वंदना पायरी चढताना दोनदा थांबली. मी तिला आत स्टुलावर बसवलं आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं: तिने चांगल्या मनाने केलं, तिला चुकीचं कळलं त्यात माझाही वाटा आहे, आणि मी तिची माफी मागते. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाची माफी मी सुट्ट्या पैशांसाठीच मागितली होती. वंदना मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही काय केलंत? मीच अडाणी." मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणी झाली, हळूहळू पुन्हा गोळी सुरू करायची ठरलं. पण ती घेईल याची मला खात्री नव्हती.

आठवड्याने दर्शना एकटी आली. अंगाने बाळसं धरलेलं, गळ्याशी ओढणी. वंदनाची बाटली मागितली.

"घेते का ती?"

"सुरुवातीला नाही घेतली. हातात धरून बसायची." दर्शनाने बाटलीवरचं नाव वाचलं, तारीख बघितली, माझ्याकडून 'कमी' असं लिहून घेतलं आणि पिशवीत टाकली. "आता रोज सकाळी मी वर जाते. पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहते. मी बोलले तिला, हॉस्पिटलात वॉर्डात आल्यावर पाच दिवस तू मला भरवलंस. तेव्हा मी विचारलं का, यात काय घातलंय?"

"मग?"

"मग घेते," दर्शना म्हणाली. "रडते, पण घेते. मी ग्लास रिकामा होईपर्यंत हलत नाही."